गढूळ पाण्यात बुडालेलं जहाज बघायला लोक का जातात? रेक डायव्हिंग सोप्या भाषेत

स्कूबा डायव्हिंगचे रील्स आपण सगळ्यांनीच बघितलेत. निळंशार पाणी, रंगीत मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली 'ओके'ची खूण. पण या छंदातले बरेच मुरलेले लोक मुद्दाम अशा जागी उतरतात जिथे पाणी हिरवट-मातकट असतं, थंडी वाजते आणि चार-पाच मीटरच्या पुढचं दिसत नाही. कशासाठी? तर तळाशी पडलेलं एक गंजकं जहाज बघायला. याला रेक डायव्हिंग म्हणतात.

मी अहिल्यानगरचा. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, पण समुद्र नाही. तरी ही ओढ आपल्याला अनोळखी नाही. आपल्या कर्जत तालुक्याच्या कडेला उजनीचं बॅकवॉटर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. आपण पाणी उतरायची वाट बघतो, डायव्हर स्वतःच खाली उतरतात, एवढाच फरक.

पाणी गढूळ असेल तर मजा कसली?

स्वच्छ पाण्यात जहाज वरूनच पूर्ण दिसतं. गढूळ पाण्यात ते तुकड्या-तुकड्यानं सापडतं. आधी नुसती काळपट सावली, मग हाताच्या अंतरावर एक कठडा, मग त्यावर चिकटलेले शिंपले. अख्खं जहाज डोळ्यांना कधीच दिसत नाही, ते डोक्यात जोडावं लागतं. म्हणून तेच जहाज दहा वेळा बघितलं तरी लोकांना कंटाळा येत नाही.

दुसरं कारण म्हणजे जीवसृष्टी. पाणी हिरवट दिसतं ते बऱ्याचदा त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे, म्हणजे प्लवकांमुळे. प्लवक म्हणजे माशांचं खाणं. सपाट वाळूच्या तळावर लोखंडी जहाज पडलं की शेवाळ, शिंपले, मासे त्यावर घर करतात. त्यालाच कृत्रिम रीफ म्हणतात.

थंड पाण्यात जहाज जास्त का टिकतं?

उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपलावर्गीय जीव असतात, त्यांना शिपवर्म म्हणतात. ते लाकडी जहाज हळूहळू संपवतात. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड आणि कमी खारट, त्यामुळे तिथे हे जीव फारसे जगत नाहीत. म्हणूनच १६२८ साली स्टॉकहोममध्ये बुडालेलं 'वासा' हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर काढता आलं.

स्कॉटलंडमधला स्कापा फ्लो हे थंड पाण्याच्या रेक डायव्हिंगचं जगप्रसिद्ध ठिकाण. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमारानं २१ जून १९१९ ला आपलीच जहाजं बुडवली. ५२ जहाजं तळाला गेली. बरीच नंतर भंगारासाठी वर काढली, पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथेच आहेत. लोक त्यांच्यासाठी गोठवणाऱ्या पाण्यात उतरतात.

आपल्याकडे काय आहे?

आपला समुद्र थंड नाही, पण गढूळ नक्कीच आहे. मालवण किंवा गोव्याला अंदमान-लक्षद्वीपसारखी नजर मिळत नाही. पावसाळ्यात तर डायव्हिंग बंदच असतं.

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ 'सुझीज रेक' ही डायव्हर्सची नेहमीची जागा आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही गोव्याच्या पाण्यात जुन्या जहाजांचा अभ्यास केलाय. सुंची रीफजवळ १७ व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, चिनी मातीची भांडी आणि हस्तिदंत मिळाले. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनची १८६५ चा शिक्का असलेली कौलं सापडली.

सिंधुदुर्गात 'आयएनएस गुलदार'ची चर्चा आहे. ही सुमारे ८४ मीटर लांबीची नौका, म्हणजे एसटीच्या सात बस एकामागे एक. ती १९८५ मध्ये नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झाली. निवती रॉकजवळ तिला तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायचा राज्याचा प्रकल्प आहे.

सगळीच जहाजं मात्र बघायची जागा नसतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. स्कापा फ्लोमध्येच १९३९ साली बुडालेल्या 'रॉयल ओक'वर ८३५ जण गेले. ते जहाज युद्धस्मारक आहे, तिथे पर्यटकांना डायव्हिंगची परवानगी नाही.

फोन खाली का चालत नाही?

आता आपल्या कामाचा भाग. 'माझा फोन वॉटरप्रूफ आहे' हे वाक्य डायव्हिंगमध्ये विसरायचं.

- बऱ्याच अँड्रॉइड फोनचं आयपी६८ रेटिंग म्हणजे साध्या पाण्यात दीड मीटर, ३० मिनिटं. नव्या आयफोनला ६ मीटर. खारं पाणी त्यात धरलेलं नसतं.
- दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट.
- पाणी लागलं की टचस्क्रीनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही.
- जीपीएसचा सिग्नल पाण्यात पोचत नाही. गुगल मॅप्स बंद.
- फ्लॅश लावला तर फोटोत पांढरे ठिपकेच येतात. घाटातल्या धुक्यात अप्पर लावल्यावर जसं होतं तसंच.

म्हणून डायव्हर टॉर्च कॅमेऱ्यापासून लांब, तिरपी धरतात आणि वाइड लेन्स घेऊन वस्तूच्या अगदी जवळ जातात. रस्त्यासाठी होकायंत्र. खोली आणि वेळ मोजायला मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर. ॲपल वॉच अल्ट्रा हे काम ४० मीटरपर्यंत करतं.

खरा धोका कुठे आहे?

जहाजाच्या आत. तिथे गाळ साचलेला असतो. फिनचा एक फटका बसला की तो उठतो आणि टॉर्चच्या उजेडात समोर नुसती भिंत दिसते. दार दोन मीटरवर असलं तरी सापडत नाही, आणि सरळ वर जाता येत नाही कारण डोक्यावर लोखंड असतं. म्हणून आत जाणारे दोरीचं रीळ बाहेर बांधून, ती सोडत आत जातात. हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक राखीव. यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं.

पर्यटकांची पहिली डाइव्ह १२ मीटरच्या आतच असते. ओपन वॉटर कोर्स केला की १८, ॲडव्हान्स्ड केला की ३०. जहाजाच्या आत जाणं यातल्या कशातच येत नाही. 'चल, आत एक रील काढू' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

नगरकरांनो, हे नक्की वाचा

सकाळी मालवणला डाइव्ह, दुपारी मासे, रात्री गाडी घरी. आपल्याकडच्या ट्रिपा अशाच ठरतात. यात एक अडचण आहे. खाली असताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघण्याआधी आपण उंचीवर गेलो तर हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमानप्रवासाचा सल्ला असा: एक डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबा, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर १८ तास. हा सल्ला २,००० फुटांपासूनच्या उंचीला धरून आहे. आपलं शहर सुमारे ६५० मीटरवर, म्हणजे २,१०० फुटांच्या वर आहे, आणि आंबोली घाट त्याहून थोडा उंच. म्हणजे विमानात न बसताही आपण त्या नियमात येतो. त्यामुळे डाइव्ह आधी, किल्ला आणि बीच नंतर, आणि रात्रीचा मुक्काम कोकणातच असं ठरवा.

नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला तर अंगदुखी म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे जा आणि 'मी डायव्हिंग केलंय' हे पहिल्यांदा सांगा.

नेहमीचे प्रश्न

पोहता येत नाही, तरी जमेल का? प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या डाइव्हला बहुतेक ठिकाणी चालतं. कोर्ससाठी पोहणं लागतं.

भंडारदरा किंवा मुळा धरणात सराव करू का? नको. तिथे ना प्रशिक्षक, ना बचावाची सोय. शिवाय ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे हिशोबच बदलतात.

जहाजावरची वस्तू आठवण म्हणून आणू का? अजिबात नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. आणि ती उचलली की पुढच्याला बघायला काय उरणार?

मालवणला जाणार असाल तर प्रशिक्षकाचं कार्ड तपासा, फोन बोटीवरच ठेवा आणि परतीचं बुकिंग दुसऱ्या दिवशीचं करा.