पंचेचाळीस अपक्ष आणि वस्तीची वीज

१९९५ चा हिशेब मी पुन्हा मांडतो. विधानसभेच्या जागा २८८. बहुमताला १४५. सेना-भाजप मिळून १३८. अपक्ष ४५. गरज सातांची, दारात पंचेचाळीस! टेकू मिळाला, सरकार उभं राहिलं.

१९९३ साली काँग्रेसच्या राजवटीत झालेला गुहागरचा एन्रॉन करार या सरकारनं ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द केला. १९९६ ला तोच करार मोठा होऊन परत आला. कुठल्या अपक्षानं टेकू काढला? सरकार शाबूत राहिलं. १९९७ ला वेलदूरच्या कोळीवस्तीत पोलीस घुसले. मे २००१ ला महागडी वीज देणारा तो प्रकल्प बंद पडला. मार खाल्ला कोळ्यांनी, बिल भरलं राज्यानं.

१९४३ साली व्हाइसरॉयच्या मंडळात वीज बाबासाहेबांच्या खात्यात होती. त्यांनी मागितली स्वस्त, मुबलक वीज. मी त्याचा अर्थ असा लावतो: वीज म्हणजे कारखाना, आणि कारखाना म्हणजे गावकीच्या कामातून सुटका.

१९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला. दर ठरताना जाहीर सुनावणी होते. तिथं आपली किती माणसं हरकत घेऊन जातात?

अपक्ष मत मागायला आला की त्याला दोनच गोष्टी विचारा. टेकू कुणाला देणार? आणि कशावर काढणार?