कर्नाळा पक्षी अभयारण्य

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील डोंगराळ अभयारण्य. पनवेलपासून सु. 12 किमी. वर मुंबई–गोवा महामार्ग त्यातूनच जातो. 1968 मध्ये सु. 4.5 चौ. किमी. क्षेत्रावर स्थापन झालेले हे अभयारण्य 2003 मध्ये सु. 12 चौ. किमी. पर्यंत वाढविण्यात आले. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापुढे (सु. 103 चौ. किमी.) हे क्षेत्र अगदी लहान, तरी नवी मुंबईकरांना पक्षिनिरीक्षणासाठी याहून सोयीचे रान जवळपास नाही.

वन मिश्र पानझडी, ओढ्यांकाठी निमसदाहरित. साग, ऐन, कळंब, कोशिंब, उंबर, पांगारा हे प्रमुख वृक्ष. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा फुलला की मधासाठी भृंगराज, मैना, शिंजीर यांची झुंबड उडते.

पक्ष्यांच्या यादीत 200 हून अधिक जाती असून त्यांत हिवाळी पाहुणे बरेच आहेत. स्वर्गीय नर्तक व निळ्या डोक्याचा कस्तूर थंडीत दिसतात. मलबारी कर्ण्याच्या नोंदी तुरळक आहेत. येथील खरे वैभव मात्र तिबोटी खंड्या. चिमणीहून लहान असा हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो, ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो आणि पिलांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी भरवतो. वीण चालू असताना छायाचित्रासाठी घरट्याजवळ ठाण मांडल्यास नर-मादी बिळाकडे फिरकत नाहीत व पिले उपाशी राहतात. त्या काळात घरट्यापासून दूर राहणे हाच निरीक्षणाचा पहिला नियम होय.

हरियाल व मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. पहाटेचे पहिले दोन तास निरीक्षणाला उत्तम. सुट्टीच्या दिवशी सहलींची गर्दी वाढते, तसे पक्षी आत सरकतात. महामार्गाच्या रुंदीकरणाचा वन्यजीवांवर नेमका किती परिणाम झाला, याविषयी मतभेद आहेत.

अभयारण्यातच असलेला कर्नाळा किल्ला सु. 440 मी. उंच. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते. माथ्यावरील अंगठ्यासारख्या बेसॉल्ट सुळक्याच्या पायथ्याशी खोदीव टाकी आहेत. सुळक्याची चढाई दोर व प्रस्तरारोहणाच्या साधनांशिवाय करता येत नाही. त्यावर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

गडाची नेहमीची वाट अभयारण्याच्या प्रवेशद्वारातून जाते, त्यामुळे गिर्यारोहकांनाही वनखात्याचे प्रवेशशुल्क भरावे लागते.