पेन्शनरांचें पुणें : सोयी आणि गर्दी

‘पेन्शनरांचें गांव’ ही पुण्याची जुनी ओळख. ती कशी जडली आणि कशानें पुसट झाली हें पाहिलें असतां नगरव्यवस्थेचा एक धडा हातीं लागतो.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली, तरी पुण्याची कोरडी हवा राहिली, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून आणलेलें पाणीहि हौदांत खेळत राहिलें. पुढें १८४८ सालीं ग्रंथालय निघालें. १८६३ मध्यें बोरघाट चढून रेल्वेनें पुणें मुंबईस जोडलें. १८६७ सालीं ससून रुग्णालय झालें. १८७५ सालीं माधवराव रानडे यांनीं वसंतव्याख्यानमाला आरंभिली. त्याच सुमारास खडकवासल्याचें धरणहि बांधलें गेलें. जन्मभर मुंबईच्या कचेरींत खर्डेघाशी केलेल्या गृहस्थास याहून अधिक काय हवें? सकाळीं पर्वती, दुपारीं वाचनालय, सायंकाळीं व्याख्यान!

परंतु या सोयी केवळ पेन्शनरांकरितां झाल्या नव्हत्या. ज्या पाण्यानें व रेल्वेनें वृद्ध आले, त्यांनींच विद्यार्थी, व्यापारी आणि कारखानेहि आणले. १९५० सालीं महानगरपालिका झाली, तेव्हां लोकवस्ती पांच लाखांच्या आसपास होती. २०११ च्या शिरगणतींत ती ३१ लाखांवर गेली. २०२१ सालीं आणखी २३ गांवें शहरांत आलीं. वाडे जाऊन इमारती उभ्या राहिल्या.

मग गर्दीस केवळ दोष द्यावा काय? तसें करणें न्यायाचें होणार नाहीं. ओसाड गांवीं हृदयरोगाचा तज्ज्ञ येऊन बसत नाहीं. मोठ्या वस्तीवांचून मोठें रुग्णालय चालत नाहीं. कांहीं सोयी वांटल्यानें वाढतात. शंभरांऐवजीं पांचशें श्रोते आले, तर व्याख्यान उणें होत नाहीं. उलट पाणी, मोकळी हवा, रस्ता आणि शांतता वांटल्यानें घटतात. पहिल्या जातीच्या सोयी लोकसंख्येमागोमाग येतात. दुसऱ्या जातीच्या मात्र मुद्दाम राखाव्या लागतात. पुण्याच्या वाढींत ही राखण मागें पडली.

तरुणास याची झळ कमी लागते. वृद्धाची गोष्ट निराळी. समोरचा रस्ता ओलांडण्याची छाती होत नसेल, तर पलीकडचें वाचनालय त्याला परगांवींच आहे.

शहराच्या कडेला आज ज्येष्ठांसाठीं निराळीं निवासगृहें उभीं राहत आहेत. तेथें राहावयास जाणाऱ्यानें सोयींची यादी अवश्य वाचावी. पण त्यांपैकीं कोणत्या सोयी आपल्याला काठी टेकीत एकट्यानें गांठतां येतील, आणि वस्ती दुप्पट झाल्यावरहि येतील काय, हें आधीं विचारावें.