प्रकाशतरंग

प्रकाशतरंग : निर्वातातून किंवा पारदर्शक पदार्थातून पुढे सरकणारी विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांची आंदोलने. निर्वातात ही दोन्ही क्षेत्रे एकमेकांना आणि तरंगाच्या दिशेला काटकोनात असतात. म्हणून प्रकाश हा अवतरंग ठरतो. ध्वनीला लागते तसे माध्यम त्याला लागत नाही. सूर्यप्रकाश पोकळीतून सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वीवर पोहोचतो.

मूलभूत राशी : लगतच्या दोन शिखरांमधील अंतराला तरंगलांबी, दर सेकंदाच्या आंदोलनसंख्येला कंप्रता (वारंवारता) आणि क्षेत्राच्या कमाल मूल्याला परमप्रसर म्हणतात. तरंगलांबी व कंप्रता यांचा गुणाकार म्हणजे वेग. निर्वातात तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असतो. १९८३ पासून मीटरची व्याख्या याच आकड्यावरून केली जाते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० (जांभळा) ते ७०० (तांबडा) नॅनोमीटर असते. तीव्रता परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने परमप्रसर दुप्पट झाला की तीव्रता चौपट होते.

माध्यमातील बदल : पाण्यात प्रकाशाचा वेग सुमारे पाऊणपट होतो व तरंगलांबी तितकीच आखूड होते, कंप्रता मात्र कायम राहते. हीलियम-निऑन लेसरचा ६३३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाण्यात सुमारे ४७५ नॅनोमीटरचा होतो. हवेत ही तरंगलांबी निळ्या प्रकाशाची. तरीही पाण्याखाली तो तांबडाच दिसतो, कारण रंग कंप्रतेवरून ठरतो. वेग बदलल्यामुळे तिरपा किरण वळतो, यास अपवर्तन म्हणतात. काचेत जांभळा प्रकाश तांबड्याहून मंद असल्याने लोलकातून रंग वेगळे होतात (अपस्करण).

व्यतिकरण व विवर्तन : टॉमस यंग यांनी १८०३ मध्ये सूर्याच्या बारीक झोतात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कागदी पट्टी धरली. तिच्या सावलीतही उजळ-काळे पट्टे उमटले. पट्टीच्या एका कडेचा प्रकाश अडवताच, दुसऱ्या कडेकडून प्रकाश येत असूनही, सावलीतले पट्टे नाहीसे झाले. दोन बाजूंचे तरंग मिळूनच ते घडवत होते, याचा इतका साधा व निर्णायक पुरावा विज्ञानात विरळा. शिखरावर शिखर आले की उजेड वाढतो, शिखरावर दरी आली की अंधार होतो; यास व्यतिकरण म्हणतात. कडेपाशी प्रकाश वळण्यास विवर्तन म्हणतात. फ्रेनेल यांच्या तरंगसिद्धांतानुसार गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजळ ठिपका दिसायला हवा, असे प्वासाँ यांनी तो सिद्धांत खोडून काढण्यासाठी दाखवले. आरागो यांनी प्रयोग केला, तेव्हा ठिपका खरोखरच दिसला.

ध्रुवण : आंदोलने एकाच प्रतलात मर्यादित होण्यास ध्रुवण म्हणतात. काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात ते १८०८ मध्ये मालूस यांना आढळले. हवेतील ध्वनीसारख्या अनुतरंगाचे (ज्याची आंदोलने तरंगाच्याच दिशेत होतात) ध्रुवण होत नाही. म्हणून प्रकाश अवतरंग असल्याची खात्री यातून पटते.

स्वरूप : मॅक्सवेल यांनी गणिताने काढलेला विद्युत् चुंबकीय तरंगांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला (१८६५). प्रकाशविद्युत् परिणाम (प्रकाशामुळे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे) मात्र केवळ तरंगकल्पनेने उलगडत नाही. त्यासाठी आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेली प्रकाशाच्या पुंजांची कल्पना लागते. प्रत्येक पुंजाची ऊर्जा त्या तरंगाच्याच कंप्रतेच्या प्रमाणात असते.