केरफरशीचा रोबो आणि घरातली झोप

प्रतिनिधी

येरवडा : तिन्हीसांजेनंतर केर काढू नये, असा जुन्या घरांतील दंडक होता. केरफरशीचे काम रोबोकडे सोपवणाऱ्या घरांना तो आता निराळ्या कारणासाठी पाळावा लागतो, आणि ते कारण म्हणजे आवाज. येरवड्यात तर हा प्रश्न रात्रीपुरता राहत नाही. कॉमर्झोन आणि नगर रस्त्याच्या आसपासच्या आयटी संकुलांत परदेशी घड्याळाप्रमाणे काम करणारी माणसे पहाटे घरी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. त्याच घरात आजी-आजोबा जेवणानंतर आडवे होतात, शाळकरी मुले अभ्यासाला बसतात, क्वचित एखादे तान्हे बाळही असते. सगळे घर एकाच वेळी जागे असण्याचा काळ अशा कुटुंबात फारच थोडा. म्हणून यंत्र निवडताना 'ते किती स्वच्छ करते' याइतकाच 'ते कोणाला उठवते' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

केर काढणारा रोबो ही कल्पना तशी नवी नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचा ट्रायलोबाइट २००१ साली आणि अमेरिकेच्या आयरोबोटचा रूम्बा २००२ साली बाजारात आला. आपल्याकडे मात्र २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला मदतनीस येईनाशा झाल्या, तेव्हा मध्यमवर्गीय घरांनी या यंत्राकडे गांभीर्याने पाहिले. केर ओढणे आणि ओल्या फडक्याने पुसणे ही दोन्ही कामे एकच चकती करते, हे भारतीय घराला पटण्याचे मुख्य कारण. गालिचे नसलेल्या आपल्या घरांत नुसता केर काढून कोणाचे समाधान होत नाही.

खोक्यावरचा आकडा

या यंत्रांच्या आवाजाचे आकडे साधारणपणे ५५ ते ७० डेसिबल या टप्प्यात असतात. फरक पंधराचाच दिसतो, पण डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ६५ चे यंत्र ५५ च्या यंत्रापेक्षा 'थोडे मोठे' नसून दुप्पट मोठे.

त्यातही एक मेख आहे. काही उत्पादक ध्वनिशक्ती सांगतात, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकते ते. काही जण एक मीटर अंतरावर कानाशी पोचणारा ध्वनिदाब सांगतात. कठीण जमिनीवर, मोकळ्या जागेत, या दोन आकड्यांत सुमारे आठ डेसिबलचे अंतर पडते. एकाच यंत्राचे ६४ आणि ५६ असे दोन्ही आकडे त्यामुळे खरे असू शकतात. शिवाय जाहिरातीतील आकडा बहुधा सर्वांत मंद वेगाचा असतो. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या ध्वनिशक्तीवर ८० डेसिबलची मर्यादा घातली, पण त्या नियमांतून रोबो वगळले. तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : आकडा कोणत्या वेगाचा, किती अंतरावरचा, आणि केर ओढतानाचा की नुसते पुसतानाचा. उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा विसरून जावा.

तुलनेसाठी दोन प्रमाणे हाताशी असू द्यावीत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. ती घराबाहेरच्या वातावरणासाठी आहे, आपल्या घरातल्या यंत्राला कोणी त्यावरून नोटीस देणार नाही. दुसरे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेचे. झोपेत व्यत्यय नको असेल तर शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता हिशेब मांडून पाहू. दिवाणखान्यात एक मीटरवर ५८ डेसिबल करणारे यंत्र चार-पाच मीटर दूर गेले की शयनगृहाच्या दाराशी आवाज ५० च्या आसपास उतरतो. साधे फ्लश दार घट्ट बंद असेल तर आणखी १५ ते २० डेसिबल कमी होतात. आत उरतात ३० ते ३५. गाढ झोपणारा माणूस यात झोपेल. हेच यंत्र ६८ चे असेल, तर आत ४० ते ४५ पोचतात आणि रात्रपाळी करून आलेला माणूस कूस बदलू लागतो. दाराखालची फट मोठी असेल, तर हे गणित आणखी बिघडते. पाच-सात हजार रुपये जास्त मोजण्याआधी दाराला खालून रबरी पट्टी लावून पाहणे शहाणपणाचे.

येरवड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लोहगावच्या धावपट्टीवरून हवाई दलाची आणि प्रवासी अशी दोन्ही विमाने उडतात, नगर रस्त्यावरची रहदारी दिवसभर थांबत नाही. खिडक्या उघड्या असताना या गोंगाटात रोबोचा आवाज बुडून जातो. म्हणून दुकानात किंवा भर दुपारी 'काहीच आवाज येत नाही' असे वाटलेले यंत्र रात्री अकराला, बंद खिडक्यांच्या घरात, अगदी वेगळे ऐकू येते.

आवाज येतो कोठून?

मुख्य आवाज हवा ओढणाऱ्या पंख्याचा. ओढण्याची ताकद पास्कलमध्ये सांगतात आणि हल्ली दहा-वीस हजार पास्कलच्या जाहिराती सर्रास दिसतात. एवढी ताकद जाड गालिच्यातून धूळ उपसण्यासाठी लागते. व्हिट्रिफाइड टाइल किंवा मोझॅकच्या गुळगुळीत फरशीवरचा केर, केस, पोह्यांचे दाणे उचलायला मंद वेग पुरतो. गालिचे नसलेल्या घराने केवळ पास्कलच्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अधिक ताकदीच्या यंत्राचा एक खरा फायदा असतो : ते मंद वेगावरही काम निभावते. पण त्यासाठी तो मंद वेग प्रत्यक्षात मंद आहे का, हे पाहावे लागते.

दुसरा आवाज ब्रशचा. रबरी पात्यांचा रोलर कठीण फरशीवर फटफट वाजतो. तंतूंचा ब्रश मऊ चालतो, पण त्यात लांब केस गुंततात आणि आठवड्यातून एकदा कात्री घेऊन बसावे लागते. ज्या घरात लांब केसांच्या दोन-तीन जणी आहेत, त्यांनी थोडा आवाज सोसून रबर घेतलेले बरे. तिसरा आवाज फरशीचाच. जुन्या बैठ्या घरांत आणि वसाहतींत अजून शहाबादी फरशी आढळते. तिच्या रुंद, खडबडीत सांध्यांवरून चाके जाताना खडखड होते, आणि तो आवाज कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. अशा फरशीवर पुसण्याचाही निकाल बेताचाच, कारण दगड पाणी पितो आणि सांध्यातला मळ फडक्याला लागत नाही.

सर्वांत फसवा आवाज मात्र यंत्राचा नसून त्याच्या डॉकचा, म्हणजे चार्जिंगच्या तळाचा असतो. केर आपोआप पिशवीत ओढून घेणारा डॉक दहा-वीस सेकंदच चालतो, पण मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा गरजतो. शयनगृहाच्या भिंतीला लागून डॉक ठेवला, तर चाळीस मिनिटे शांतपणे फिरलेले यंत्र शेवटच्या क्षणी बाळाला उठवते. बहुतेक ॲपमध्ये ठरावीक तासांत डॉक रिकामा करू नये, अशी सोय असते. खरेदीपूर्वी ती आहे ना, हे खात्रीने विचारावे. फडकी गरम हवेने वाळवणारे डॉक काही तास बारीक घुंई आवाज करीत राहतात. पावसाळ्यात ओल्या फडक्याचा कुबट वास टाळायचा तर वाळवणे आवश्यकच, म्हणून असा डॉक स्वयंपाकघराच्या किंवा कोरड्या बाल्कनीच्या बाजूला न्यावा.

पुसण्याचे प्रकार तीन-चार आहेत. मागे फडके नुसते ओढत नेणारे यंत्र जवळजवळ निःशब्द असते, पण वाळलेला चहाचा डाग त्याने निघत नाही. थरथरणाऱ्या फडक्याचा बारीक आवाज सतत येतो. गोल फिरणाऱ्या दोन फडक्यांचे आणि लाटण्यासारख्या रोलरचे यंत्र चांगले पुसते, आवाज मध्यम. पंखा पूर्ण बंद ठेवून 'फक्त पुसणे' ही सोय असेल, तर ती या घरांसाठी फार मोलाची : केर सकाळी सगळे जागे असताना काढावा आणि फरशी दुपारी, कोणाला कळणारही नाही अशी पुसून घ्यावी. टाकीत फिनेल ओतू नये, नळ्या व पंप खराब होतात. बोअरवेलचे वा टँकरचे जड पाणी वापरल्यासही बारीक छिद्रे क्षाराने बुजतात.

घराची मापे आधी

बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरचा उंबरा चढतात. आपल्या घरांतील दारांमधल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या आणि बाल्कनीच्या सरकत्या दारांचे रूळ यापेक्षा उंच असू शकतात. वर लिडारचा घुमट असलेल्या यंत्राची उंची साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर भरते. दिवाण आणि लोखंडी कपाट यांच्याखाली तेवढी जागा आहे का, हे मोजपट्टीने पाहूनच दुकानात जावे. लिडार म्हणजे लेझरच्या साह्याने खोलीचा नकाशा काढण्याची पद्धत. शांततेच्या दृष्टीने ती महत्त्वाची, कारण नकाशा पाठ असलेले यंत्र काम लवकर संपवते आणि खुर्च्यांच्या पायांवर कमी आदळते. सोसायटीत खालच्या मजल्यावर पोचतो तो पंख्याचा आवाज नव्हे, हा आदळण्याचा. मोबाइल चार्जरच्या वायरी, पैंजण, सतरंजीच्या गोंड्या आणि दारातली रांगोळी यांपासून मात्र यंत्र माणसानेच दूर ठेवायचे.

विजेची काळजी नको. ५२०० मिलिअँपिअर-तास आणि १४.४ व्होल्टची बॅटरी एकदा पूर्ण भरायला चार्जिंगमधील गळती धरूनही एक युनिटचा दहावा हिस्सा लागतो. रोज चालवले तरी महिन्याला तीन युनिट. चोवीस तास चालू राहणारा डॉकच कधी कधी याहून जास्त वीज खातो. बॅटरी आणि अडॅप्टर यांवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असावा.

किमती साधारण पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. त्यातील मोठा वाटा डॉक आणि ॲप यांचा, आणि ॲप कंपनीच्या आयुष्याशी बांधलेले असते. नीटो ही नावाजलेली कंपनी २०२३ साली बंद झाली. रूम्बाची आयरोबोट डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयात दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. त्यामुळे इंटरनेट नसताना नुसते बटण दाबून यंत्र चालते का, आणि ब्रश, फडकी, फिल्टर, बॅटरी पुण्यात मिळतात का, हे दोन प्रश्न रंगीत नकाशापेक्षा आधी विचारावेत.

आणखी एक बाब हिशेबात धरायला हवी. कल्याणीनगर, शास्त्रीनगर भागांतील घरांची केरफरशी करणाऱ्या अनेक स्त्रिया येरवड्याच्याच वस्त्यांतून येतात. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून आपली संघटना उभी केली, २००८ साली राज्याने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी महिन्याचे काम एका शब्दावर सुटते ही स्थिती फारशी बदललेली नाही. यंत्र भांडी घासत नाही, न्हाणीघर धूत नाही, जळमटे काढत नाही, जिना उतरत नाही, कोपऱ्यातली धूळही पुरती उचलत नाही. केरफरशी यंत्राकडे जाणार असेल, तर मावशींशी आधी बोलून त्याच पगारात दुसरी कामे ठरवता येतात. पहिल्या महिन्यात तर दोघांचीही गरज लागते, कारण यंत्राचा भरवसा कळायला तेवढा काळ जातो.

यंत्र घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी एका रात्री साडेदहानंतर दूरचित्रवाणी आणि पंखे बंद करून, शयनगृहाचे दार लावून ते चालवावे आणि घरातील सर्वांत हलकी झोप असलेल्या माणसाला आत पडून राहायला सांगावे. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप अचूक नसते, परंतु दोन वेगांतील फरक त्यावर समजतो. सांगितलेल्यापेक्षा आवाज उघडच जास्त असेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर पावती जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.