विडी, यंत्र आणि माणूस

कापसाच्या गिरणीत विडी पेटवावयाची नाही, हा नियम फार जुना आहे. हवेत तरंगणारा कापसाचा तंतू एका ठिणगीने भडकतो, आणि एकदा भडकला म्हणजे सबंध खाते जळून जावयास वेळ लागत नाही. म्हणून कामगाराने विडी फाटकाबाहेरच विझवून आत यावे, असा दंडक असे. हा दंडक कामगाराच्या छातीसाठी घातलेला नव्हता. तो गिरणीसाठी होता. कामगाराची तलफ मात्र फाटकाबाहेर थांबत नसे. तो विडी विझवी आणि खिशातून तंबाखूची व चुन्याची डबी काढी. तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने दोनचार वेळा मळून वरून एक थाप, आणि ती गोळी ओठाआड गेली की पुढच्या कामाची बेगमी झाली. ठिणगी टळली, व्यसन राहिले.

आजच्या भाषणाचा विषय येथूनच निघतो. ज्यांच्या पदरी माणसे कामास आहेत, त्यांनी त्या माणसांचे धूम्रपान सोडविण्याच्या कामी काय काय केले? कोणी दटावले, कोणी कायद्याचा आधार घेतला, कोणी औषध व पैसा पुढे केला. यांपैकी कशाचा किती उपयोग झाला, हे थोडक्यात पाहावयाचे आहे.

तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांबरोबर. गोव्याच्या किनाऱ्यावरून ती विजापूरच्या दरबारी पोचली, आणि तेथे ती अकबराच्या असदबेग नावाच्या सरदाराच्या दृष्टीस पडली. १६०४-०५ च्या सुमारास आग्र्यास परत येताना त्याने बादशहासाठी इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि एक रत्नजडित नळी नेली. बादशहाने दोनचार झुरके घेतले. पण हकीम आडवा आला. ही वस्तू आमच्या वैद्यकग्रंथांत नाही, तिचे गुणदोष आम्हांस ठाऊक नाहीत, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने वाद घातला. बादशहाने स्वतः तिचा नाद धरला नाही, परंतु दरबारी मंडळींना तिची गोडी लागली ती लागलीच. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूस मनाई करणारा हुकूम काढला. तो हुकूम इतिहासात राहिला आणि तंबाखू लोकांत राहिली. नुसत्या हुकुमाने तलफ जात नाही, हा या इतिहासातील पहिला धडा.

तोच धडा तीनशे वर्षांनी अमेरिकेतील कारखानदारांनी नव्याने गिरविला. १९१४ साली थॉमस एडिसनने हेन्री फोर्डला एक पत्र लिहिले. सिगारेटच्या जळणाऱ्या कागदातून एक विषारी द्रव्य निघते, त्याने मेंदू बिघडतो, म्हणून सिगारेट ओढणाऱ्यास मी नोकरीस ठेवीत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. फोर्डने सिगारेटविरुद्ध एक पुस्तिकाच काढली, आणि त्याच्या कारखान्यात धूम्रपानास बंदी होती. गमतीचा भाग असा की, एडिसनला स्वतःला चिरूट आणि खावयाची तंबाखू दोन्ही प्रिय होती. त्याचा सारा राग कागदावर होता! निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक, अशी ही स्थिती होती. आणि कारण चूक असल्यामुळे उपायही उपदेशाचा आणि धाकाचाच राहिला.

त्याच काळात दुसरा एक मोठा मालक नेमके उलटे करीत होता. तो मालक म्हणजे सैन्य. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात तंबाखूचा समावेश झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या शिध्याच्या डब्यातच सिगारेटी निघत. ही प्रथा अमेरिकन सैन्याने १९७५ साली बंद केली. तोवर कित्येक तरुणांनी पहिली सिगारेट ओढली ती नोकरीच्या जागी, सरकारी खर्चाने. धूम्रपान ही ज्याची त्याची खाजगी खोड आहे, मालकाचा तिच्याशी संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरता कामा नये.

धूम्रपानाचे खरे स्वरूप कळले ते १९५० नंतर. त्या वर्षी रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रोगी आणि तितकेच इतर रोगी यांची तुलना प्रसिद्ध केली. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठविली. उत्तरे देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा हिशेब पुढे पन्नास वर्षे ठेवण्यात आला. २००४ साली त्याचा शेवटचा मोठा अहवाल निघाला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते. तिसाव्या वर्षी सोडली तर ही जवळजवळ सर्व वर्षे परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडली तर सुमारे नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन. ‘आता या वयात सोडून काय होणार?’ या प्रश्नाला इतके सरळ उत्तर दुसरे नाही. आणि ही वर्षे आहेत नोकरीचीच. माणूस विशीत कामाला लागतो आणि साठीत निवृत्त होतो. सोडण्याचा लाभ ज्या वयात मिळतो, ते सारे वय तो कामाच्या जागी घालवितो.

तरीही कारखान्यांची दृष्टी सहजासहजी पालटली नाही. या बाबतीत न्यू जर्सीतील एका खटल्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोना शिंप या बाई तेथील टेलिफोन कंपनीच्या कचेरीत कामास होत्या. त्यांना सिगारेटचा धूर सोसत नसे, आणि शेजारचे लोक तर दिवसभर ओढीत. १९७६ साली त्या न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती फिलिप ग्रुशिओ यांच्यासमोर असे दिसून आले की, कंपनीने आपल्या यंत्रसामग्रीजवळ धूम्रपानास आधीच मनाई केली होती, कारण ती यंत्रे फार नाजूक होती. ज्या कंपनीला यंत्राची इतकी काळजी आहे, तिला माणसाची निदान तितकी तरी असावयास हवी, असा न्यायमूर्तींचा अभिप्राय पडला. कामाच्या खोलीत धूम्रपान बंद झाले. आपल्या गिरणीच्या फाटकावरील जुन्या नियमाला जणू पहिल्यांदाच कोणी विचारले की, कापूस जपलात, माणसाचे काय?

येथून कायद्याचे युग सुरू झाले. आपल्याकडे गोव्याने या बाबतीत लवकर पाऊल टाकले. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणे यांस मनाई करणारा गोव्याचा कायदा १९९७ सालचा आहे. २००१ साली मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करण्याचे आदेश दिले. २००३ साली केंद्राचा कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कचेऱ्या व कारखाने यांचाही त्यात स्पष्ट समावेश केला. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी देशातील बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या. असे करणारा तो पहिला देश. अशा बंदीचा परिणाम होतो काय? २००२ साली सव्वीस अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा असे दिसले की, पूर्ण धूरमुक्त कामाच्या जागी धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३.८ ने उतरते, आणि जे ओढतच राहतात त्यांच्याही रोजच्या सुमारे तीन सिगारेटी कमी होतात. लाभ खरा आहे. पण उरलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर पाणबुडीतून आले. स्वीडनमध्ये लुंड येथील क्लाएस लुंडग्रेन या शास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की, पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही तेव्हा तेथील खलाशी तंबाखू तोंडात धरून वेळ निभावतात. १९६७ साली त्याने ही गोष्ट हेल्सिंगबोर्ग येथील औषधकंपनीतील ओव्हे फेर्नो यास कळविली. शरीर धूर मागत नाही, निकोटिन मागते; मग तंबाखूचे विष वगळून निकोटिन तेवढे देता येणार नाही काय? या विचारातून निकोटिनचा चघळावयाचा गोंद तयार झाला आणि १९७८ साली तो स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून नोंदला गेला. आपल्या गिरणीकामगाराने जे केले तेच त्या खलाशाने केले होते. फरक एवढाच की, तिकडे कोणीतरी त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिले आणि त्यातून औषध निघाले. इकडे तो ओठाआडची गोळी घेऊन तसाच राहिला.

दुसरे उत्तर पैशाचे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ नोकरांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटास केवळ माहिती दिली; दुसऱ्यास, शिकवणी पुरी केल्यास १०० डॉलर, सहा महिन्यांत सिगारेट सोडल्यास २५० आणि आणखी सहा महिने टिकविल्यास ४०० डॉलर देऊ केले. वर्षाच्या सुमारास पहिल्या गटात शेकडा ५ आणि दुसऱ्यात शेकडा १४.७ लोक सिगारेटमुक्त होते. बक्षिसे संपल्यावर दोन्ही आकडे उतरले, परंतु अंतर टिकले. बक्षीस मिळूनही शंभरातील पंच्याऐंशी जणांना सोडता आली नाही, हेही या आकड्यांत आहे. ज्यांना हा मनोनिग्रहाचा साधा प्रश्न वाटतो, त्यांनी ते लक्षात घ्यावे.

मालकाचा हात किती लांब जावा, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. २००५ साली मिशिगनमधील वेको नावाच्या कंपनीने नोकरांची निकोटिन-तपासणी सुरू केली. घरी, सुट्टीच्या दिवशी ओढलेली सिगारेटही तिला चालत नव्हती. तपासणीस नकार देणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. रोग्यास बरा करण्याऐवजी रोग्यासच बाहेर काढण्याचा हा प्रकार. आज फुप्फुस तपासले, उद्या काय तपासतील, अशी धास्ती कामगाराच्या मनात बसली म्हणजे तो व्यसन सोडीत नाही, ते लपवितो.

या सर्वांहून आपल्याला जवळचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ग्रामीण भागातील एका रासायनिक कारखान्यात काम केले. त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. शंभराहून थोडे अधिक कामगार, त्यांतील सुमारे निम्मे तंबाखूचे सेवन करणारे. डॉक्टरांनी प्रत्येकाची मुलाखत घेतली, तोंड तपासले, व्याख्याने दिली, लहान गटांत चर्चा घडविल्या, लागेल त्यास औषध दिले. आणि पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस केली. कारखान्याच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांस शिकविले. कुटुंबीयांस आणि कंत्राटी मजुरांसही बोलाविले. प्रत्येक भेटीगणिक सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले आणि वर्षाअखेर ते शेकडा ४० वर पोचले. कामगारांचे सांगणे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिले, तेव्हा ते बहुतेक खरेच निघाले. कोणाची नोकरी गेली नाही, म्हणून कोणाला खोटे बोलण्याचे कारणही पडले नाही.

या उदाहरणात विडी-सिगारेटीबरोबर तोंडातल्या तंबाखूचाही विचार होता, हे महत्त्वाचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर धुराविना तंबाखू सेवन करणारे शेकडा २४.४. ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी लावून स्वस्थ बसणारा आपल्याकडचा कारखानदार या हिशेबाने बहुतेक व्यसनी कामगारांना पाहतच नाही. शिवाय कारखाना म्हणजे काही सारे कामकरी जग नव्हे. ट्रकचालक, हमाल, शेतमजूर यांना वैद्य नेमून देणारा मालकच नसतो. आणि निपाणीच्या परिसरात तर तंबाखू हेच पोटाचे साधन होऊन बसले. विडी वळणाऱ्या बाईला तिची धूळ ओढावी लागते ती पोटासाठी. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, तो त्यांच्या कामाच्या स्थितीचा. त्यांना दुसरे काम मिळवून देण्याचा नव्हे. तंबाखू सोडा, हे वाक्य तिच्यापुढे उच्चारताना आवाज खाली यावयास हवा.

२०१६ साली तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिचा क्रमांक पाकिटांवरच छापला जाऊ लागला. ही चांगली सोय आहे. पण दूरध्वनी उचलण्यासाठी जी दोन मिनिटे लागतात, ती पाळीच्या वेळात द्यावयाची कोणी? कामगाराला डॉक्टरकडे जाण्यास अर्धा तास मिळावा, महिन्याने कोणी तरी ‘कसे चालले आहे?’ असे विचारावे, एकदा पाय घसरला तर त्याची थट्टा होऊ नये, आणि कायम नोकराला जे मिळेल ते कंत्राटी मजुरालाही मिळावे, एवढेच मागणे आहे. यंत्रात बिघाड झाला तर मालक कारागीर बोलावितो, तेल-वंगण घालतो, पुन्हा येऊन पाहावयास सांगतो. यंत्रावर रागावत नाही. माणसाच्या वाट्याला तेवढा तरी धीर यावा.