मैदान बदललेले कर्णधार : नंदू नाटेकर

खेळाडू ज्या खेळामुळे नावारूपाला येतो, तोच त्याचा पहिला खेळ असावा, असे आपण सहज गृहीत धरतो. नंदू महादेव नाटेकर यांचे चरित्र वेगळे आहे. भारताच्या बॅडमिंटन संघाचे नेतृत्व करणारे नाटेकर आरंभी टेनिसपटू होते. आपल्या धारवाडच्या सुभाष रोडवरील मनोहर ग्रंथमाला ज्या १९३३ साली सुरू झाली, त्याच वर्षी १२ मे रोजी त्यांचा सांगलीस जन्म झाला.

१९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ रामनाथन कृष्णन यांच्याशी पडली. पुढे दोनदा विंबल्डनची उपांत्य फेरी गाठणारा हा प्रतिस्पर्धी त्यांच्याहून सरस ठरला, आणि नाटेकर बॅडमिंटनकडे वळले. वरवर पाहता दोन्ही खेळ रॅकेटचेच. परंतु टेनिसमध्ये चेंडूचा एक टप्पा चालतो, बॅडमिंटनचे फूल जमिनीला लागले की डाव संपला. एकात खांद्याचे बळ मोठे, दुसऱ्यात मनगटाचा झटका निर्णायक. म्हणजे जुने कसब सोबत नेता आले, तरी हाताला नवे वळण लावणे भागच होते. नव्या मुलखात जुने घर सांभाळत राहिलेल्या आपल्या घराण्यांना यातील कष्ट सांगावयास नकोत.

हे वळण त्यांनी फार लवकर आत्मसात केले. १९५४ साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत धडक मारली. १९५६ साली मलायात त्यांनी सेलांगोर येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन धारवाड म्हैसूर राज्यात गेले व सांगली मुंबई राज्यात राहिली. सीमा आखल्या गेल्या, तरी त्या यशाचा अभिमान दोन्हीकडे सारखाच वाटावा असा होता. राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळवले आणि १९६१ साली अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांची गणना झाली.

त्यांची खरी कसोटी मात्र थॉमस चषकात लागली. १९५९, १९६१ व १९६३ या वर्षांत त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्या काळी एका लढतीत नऊ सामने असत : पाच एकेरी, चार दुहेरी. एका खेळाडूला फार तर दोन एकेरी व दोन दुहेरी सामने खेळता येत. विजयासाठी तर पाच सामने हवेत. म्हणजे कर्णधाराने स्वतःचे चारही सामने जिंकले, तरी उरलेला एक विजय सहकाऱ्याकडूनच यावयाचा. नाटेकरांनी थॉमस चषकात सोळांपैकी बारा एकेरी सामने जिंकले. दुहेरीत सोळांपैकी आठ. तरीही चषक भारतात आला नाही. १९५८, १९६१ आणि १९६४ साली तो इंडोनेशियाने नेला. एकट्याच्या पराक्रमाला मर्यादा असतात, हे या आकड्यांइतके स्वच्छ क्वचितच दिसते. अशा संघाची धुरा पुनःपुन्हा वाहणे, हेच आम्हांस त्यांच्या कर्तृत्वाचे मोठे अंग वाटते.

पुढच्या पिढ्यांनी हा वारसा वाढवला. कर्नाटकाचे प्रकाश पदुकोण १९८० साली ऑल इंग्लंड विजेते झाले. नाटेकरांच्या घरात तर टेनिस परत आले. त्यांचे पुत्र गौरव यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पित्याने तारुण्यात मागे ठेवलेला खेळ पुत्राने असा उजळला.

२८ जुलै २०२१ रोजी पुण्यात नाटेकरांचे निधन झाले. त्यानंतर दहा महिनेही लोटले नाहीत, तोच १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे भारताने प्रथमच थॉमस चषक जिंकला, आणि तोही इंडोनेशियालाच ३-० असे नमवून. लक्ष्य सेन, किदांबी श्रीकांत आणि सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी-चिराग शेट्टी ही जोडी यांनी मिळून तो विजय साधला. हा दिवस नाटेकरांना पाहता आला नाही. परंतु चषकाच्या भारतीय इतिहासात रिकाम्या हाताने परतलेल्या कर्णधारांचाही एक अध्याय आहे, आणि त्यात सांगलीच्या या खेळाडूचे नाव अग्रभागी आहे. आपल्या मुलानातवंडांना विजयाची वार्ता सांगताना तो अध्यायही सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते.